प्रोस्टेट वाढणं : ‘वय झालं की व्हायचंच’ म्हणून किती दिवस गप्प बसायचं?

हळदपेठ

मंडळी, गेले दोन महिने आमच्या घरात एकाच विषयावर बोलणं चाललंय, आणि त्याआधीची चार वर्षं हा विषय घरात कुणीच काढला नव्हता. म्हणून इथं लिहितोय. जरा लांबेल, पण वाचा.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, वय ७४. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर तोलार होते. शुगर नाही, बीपीची एक गोळी चालू. रात्री दोन-तीनदा उठायचे. त्यांच्या खोलीची कडी माझ्या उशाच्या भिंतीपलीकडं. ती वाजली की मला जाग यायची आणि मी कूस बदलून झोपायचो. पुढं पुढं ती पाच-सहा वेळा वाजायला लागली. आईला विचारलं तर म्हणाली, "वय झालं की व्हायचंच." मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मी ते पटवून घेतलं, कारण मग मला काही करावं लागत नव्हतं.

आता एकेक आठवतंय. दादांनी एसटीनं पुण्याला जाणं बंद केलं. इस्लामपूरला भाचीच्या लग्नाला आले नाहीत. संध्याकाळचा चहा सोडला, कारण सांगितलं पित्ताचं. आषाढीला आमच्या गल्लीतली दिंडी पायी पंढरपूरला जाते, तिथं दोन वर्षं नाव दिलं नाही, कारण सांगितलं गुडघ्याचं. गावाला जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी प्यायचे नाहीत. आणि दुपारी सगळे आडवे झाले की स्वतःचा पायजमा स्वतः धुवायचे. जन्मात ज्यांनी कधी कपडा खळबळला नाही, ते. आईनं विचारलं तर म्हणाले, "पाणी सांडलं होतं."

मधल्या काळात त्यांना दोन-तीनदा लघवीला जळजळ झाली. जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. प्रत्येक वेळी तपासणी न करता पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. सोनोग्राफी करा असं तिथं कुणी म्हटलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

जानेवारीत सर्दी झाली. मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली, दोन दिवस घेतली. तिसऱ्या रात्री एक वाजता कडी वाजली आणि पुन्हा लागलीच नाही. जाऊन बघतो तर दादा बाथरूममध्ये नळ सोडून उभे. पाण्याचा आवाज ऐकला की होते म्हणून. अंगातली बंडी घामानं भिजलेली, बाहेर कडाक्याची थंडी. बेंबीखाली पोट वर आलेलं आणि हाताला टणक. म्हणाले, "तू झोप, सकाळी बघू." तोवर सहा तास एक थेंब उतरला नव्हता.

मिरजेला नेलं. लघवी काढायला नळी घातली तेव्हा पिशवीत साडेआठशे मिली आली. दादांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, ते पिशवी भरत गेली तसं सैल होत गेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षं त्रास आहे?" दादा म्हणाले चार. मी खाली बघत उभा राहिलो. ज्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना काढला, जिथं आजही कर्नाटकातून लोक रेल्वेनं उपचाराला येतात, तिथून आम्ही हाकेच्या अंतरावर राहतो, आणि आम्हाला पोचायला चार वर्षं लागली.

पुढचं थोडक्यात. सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, ६२ ग्रॅम. टॅमसुलोसिनची गोळी सुरू केली, पाचव्या दिवशी नळी काढली, लघवी सुरू झाली. पण लघवी करून आल्यावर पुन्हा सोनोग्राफी केली तर आत २१० मिली शिल्लक. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका बघायची रक्ततपासणी, ७.८ आला. तो आकडा बघून घरात तीन दिवस चूल नीट पेटली नाही. डॉक्टर म्हणाले नळीमुळं वाढला असेल, सहा आठवड्यांनी परत करू. काल केला, ३.२ आहे.

आता प्रश्न असा आहे की गोळ्यांवर राहायचं की दुर्बिणीचं ऑपरेशन करून घ्यायचं. दादा म्हणतात, "या वयात कशाला चिरफाड." ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपया लिहा.

विश्रामबाग७२

तुमच्या वडिलांच्या जागी मी स्वतः आहे असं समजा. वय ७२, सहा वर्षं गोळ्यांवर आहे आणि माझं बरं चाललंय. स्वतःच्या नावानं हे बोलायला मला संकोच वाटला असता, इथं वाटत नाही.

मला दोन औषधं एकत्र आहेत. टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम ग्रंथीतले आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतं. त्याचा फरक मला आठवड्याभरात कळला. दुसरं ड्युटास्टेराइड ०.५, त्यानं ग्रंथी हळूहळू आकसते, पण त्याला सहा महिने धीर धरावा लागतो. माझे एक स्नेही दोन महिन्यांत कंटाळून बंद करून बसले आणि आता सगळ्यांना सांगतात औषधाचा उपयोग नाही.

तीन गोष्टी मला कुणी आधी सांगितल्या नव्हत्या, त्या लिहितो. पहिली, टॅमसुलोसिन सुरू केल्यावर एकदम उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते. मी रात्री झोपताना घेतो, आणि उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसतो, मग पाय टाकतो. दुसरी, संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मागं मूत्राशयात जातं. त्यानं इजा काही होत नाही, पण माहीत नसलं की माणूस हबकतो. ड्युटास्टेराइडनं इच्छाही थोडी कमी झाली. तिसरी, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "प्रोस्टेटची गोळी चालू आहे का?" या गोळीनं डोळ्यातला बाहुलीभोवतीचा पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडतो. त्यांना आधी कळलं तर ते तयारीनं करतात. पूर्वी घेऊन बंद केली असेल तरी सांगायचं.

औंधकर

हळदपेठ, वाचून पोटात कालवलं. माझेही वडील बाहेर निघायच्या आधी पाणी पीत नाहीत. मी आजवर समजत होतो तो उपासाचा भाग आहे.

दोन शंका. प्रोस्टेट वाढलं की पुढं कॅन्सर होतो का? आणि आमच्याकडं गोखरूचा काढा, भोपळ्याच्या बिया असं चालतं, त्यानं फरक पडतो का?

डॉ_कृष्णाकाठ

मी युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचा तज्ज्ञ, नाही, तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो. असे रुग्ण आठवड्याला चार-पाच येतात, त्यातले निम्मे "सहज आलो होतो" म्हणून येतात आणि उठताना दारात थांबून खरं सांगतात. म्हणून नीट लिहितो.

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांमध्ये असणारी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅम. चाळिशीनंतर ती पुन्हा वाढायला लागते. पन्नाशीतल्या पुरुषांपैकी निम्म्यांत, आणि ऐंशीच्या घरात दहांपैकी आठ-नऊ जणांत सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ दिसते. सगळ्यांना त्रास होतो असं नाही. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं, त्याचा या वाढीत मोठा हात आहे. ड्युटास्टेराइड आणि फिनास्टेराइड ही औषधं तेच बनू देत नाहीत, म्हणून ग्रंथी आकसते.

औंधकर, तुमची पहिली शंका. ही साधी वाढ ग्रंथीच्या आतल्या भागात होते, नळीच्या भोवती. म्हणून ती नळीला आवळते. कॅन्सर बहुतेक वेळा बाहेरच्या भागात सुरू होतो, म्हणून तो सुरुवातीला लघवीला काही त्रास देत नाही. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होत नाही. पण एकाच माणसात दोन्ही असू शकतात, म्हणून तपासायचं. गुदद्वारातून बोटानं तपासणं हा त्याचाच भाग आहे. अर्ध्या मिनिटाचं काम, पण लोक त्यालाच घाबरून वर्षं घालवतात. पीएसए ४ च्या खाली असावा असं ढोबळमानानं म्हणतात. पण जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबली, नळी घातली की तो चढतो. तुंबलेल्या माणसाचा पीएसए त्याच आठवड्यात करणं म्हणजे घरच्यांना विनाकारण रडवणं. आणि विश्रामबाग काका, ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्मा होतो. तुमचा रिपोर्ट २ आला तर तो ४ धरून वाचायचा. नवीन डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं सांगायला विसरू नका.

आता सर्दीची गोळी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, फेनिलेफ्रिनसारखं. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, तसंच मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायूही आवळतं. त्याच गोळीत झोप आणणारं क्लोरफेनिरामिन असतं, ते मूत्राशयाचं आकुंचन ढिलं पाडतं. आधीच अरुंद झालेल्या वाटेवर हे दोन्ही एकदम आलं की रात्रीत लघवी बंद. थंडीच्या दिवसांत मी हे दरवर्षी बघतो. साठीच्या पुढच्या माणसानं मेडिकलमधून सर्दीची गोळी मागताना "मला प्रोस्टेटचा त्रास आहे" एवढं वाक्य म्हणावं. जोरात बद्धकोष्ठ झालं तरी असंच तुंबतं.

ग्रंथी किती ग्रॅमची आहे यावर त्रास ठरत नाही, हे रुग्णांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. ३५ ग्रॅमवाला तुंबतो आणि ९० ग्रॅमवाला सुखानं झोपतो. महत्त्वाचं आहे ते मूत्राशयाचं. शेतकरी मंडळींना मी असं सांगतो : व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवून मोटर चालवली तर काही दिवस चालते, तापते, आणि एक दिवस जळते. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी पाणी येत नाही. मूत्राशयाची भिंत आधी जोर लावून जाड होते, मग दमून सैल पडते. हळदपेठ, तुमच्या वडिलांचं २१० मिली शिल्लक राहतंय, तिथं माझं लक्ष आहे.

काढ्यांबद्दल. गोखरू, वरुण, कांचनार गुग्गुळ यांवर मोठे, नीट केलेले अभ्यास फार थोडे आहेत. परदेशात सॉ पामेटो नावाची वनस्पती याच कामासाठी खूप खपते, तिच्यावर अमेरिकेत २००६ आणि २०११ साली चांगले प्रयोग झाले, आणि ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त उपयोगी ठरली नाही. वैद्यांचं औषध घ्यायचं तर घ्या, पण सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम बघायची रक्ततपासणी, आधी करा, आणि घेत असाल ते दोन्हीकडं सांगा. काढ्यावर वर्ष गेलं आणि तोवर किडन्या सुजल्या, असे रुग्ण मी पाहिलेत.

संगममाहुली

डॉक्टरांनी जे मोटरचं लिहिलंय ते आमच्या मामंजींचं झालं. मी सून. साताऱ्यात असतो.

त्यांना दुखलंच नाही कधी. कळ नाही, अडलं नाही. फक्त रात्री अंथरूण ओलं व्हायचं. दिवसा थेंब थेंब गळायचं. आम्हाला वाटलं म्हातारपणी ताबा जातो तसं. प्लास्टिक आणलं, डायपर आणले, सासूबाई त्यांना बोलायच्या आणि ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. मग जेवण तुटलं, पायावर सूज आली, मळमळायला लागलं. पोवई नाक्याजवळ एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी पोटाला नुसता हात लावला आणि म्हणाले, "हे मूत्राशय भरलंय." क्रिएटिनिन ५.८. दोन्ही किडन्या फुगलेल्या. नळी घातल्यावर दीड लिटरच्या वर लघवी निघाली. त्यानंतर दोन दिवस इतकी लघवी होत राहिली की सलाईन लावून दर तासाला माप घेत होते. डॉक्टर म्हणाले अडलेली किडनी मोकळी झाली की असं होतं, म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

किडनी बरीच सावरली, क्रिएटिनिन आता १.९ आहे. दीड महिन्यानं दुर्बिणीचं ऑपरेशनही झालं. पण मूत्राशयाला जोर राहिला नाही. आता ते दिवसातून तीनदा स्वतः बारीक नळी घालून लघवी काढतात. शिकले, ७९ व्या वर्षी. हात साबणानं धुतात, नळी धुऊन फडक्यात गुंडाळून ठेवतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

ज्याला लघवी गळते त्याची लघवी अडलेली असू शकते, हे मला माहीत नव्हतं. अंथरूण ओलं होतं म्हणजे भांडं भरून वाहतंय. घरातल्या बायकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवा, कारण चादरी आपणच धुतो.

हळदपेठ

संगममाहुली ताई, तुमचं दादांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "मोटर जळायच्या आत करू म्हणतोस?"

एक गोष्ट राहिली सांगायची. डॉक्टरांनी तीन दिवस लघवीची नोंद ठेवायला सांगितली होती. मी पाचशे मिलीचं मापाचं प्लास्टिकचं भांडं आणलं. मला वाटलं दादा करणार नाहीत. पण माप म्हटल्यावर त्यांच्यातला तोलार जागा झाला. जुनी हिशेबाची लाल वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या : वेळ, माप, शेरा. भांडं सपाट फरशीवर ठेवून, चष्मा लावून, खाली वाकून डोळ्याच्या रेषेत वाचायचे. १२०-१२५ च्या मध्ये असलं तर १२२ लिहायचे. एक पान इथं देतो :

रात्री ११.०५ – १२२ – जोर केला.
१२.४० – ७० – घाई.
२.१० – ९० – थांबून थांबून.
२.५५ – ६० – धार नाही, थेंब.
४.२० – ११० – जरा बरी.
५.३० – ८५ – परत जावंसं वाटतं.

चार वर्षं ज्यावर ते एक शब्द बोलले नव्हते, ते सगळं त्या शेऱ्याच्या रकान्यात होतं. मी ती वही हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो.

डॉ_कृष्णाकाठ

हे पान प्रत्येक डॉक्टरला मिळायला हवं. बघा, रात्री सहा वेळा, पण प्रत्येक वेळी शंभरच्या आसपास. म्हणजे मूत्राशयात जागा कमी पडतेय, कारण आधीचीच शिल्लक आहे. हेच आकडे तीनशे-चारशे असते तर मी प्रोस्टेट सोडून दुसरीकडं पाहिलं असतं. रात्रभरातली लघवी, पहाटे उठल्यावरची पहिली धरून, चोवीस तासांतल्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशाहून जास्त भरत असेल तर रात्री लघवी जास्त तयार होतेय. पायावरची सूज, हृदय, शुगर, झोपेत घोरणं, संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी, अशी कारणं त्याला असतात. त्यावर प्रोस्टेटचं ऑपरेशन करून उपयोग नाही.

ऑपरेशन कधी करायचं हे बहुतेक ठरलेलं आहे. लघवी परत परत तुंबणं, परत परत संसर्ग, मूत्राशयात खडे, लघवीतून वारंवार रक्त, किडनीवर परिणाम, किंवा नीट औषध घेऊनही त्रास न जाणं. तुमच्याकडं तुंबून झालंय, संसर्ग दोन-तीनदा झालाय, गोळी चालू असून शिल्लक राहतेय. निर्णय युरॉलॉजिस्टचा, पण मी माझ्या वडिलांना "करून घेऊ" म्हटलं असतं. त्याआधी लघवीच्या धारेचा वेग मोजणारी चाचणी करतील. यंत्रात लघवी करायची, एवढंच. सेकंदाला १५ मिलीच्या वर वेग चांगला, १० च्या खाली अडथळ्याची शंका. निदान १५० मिली तरी लघवी व्हावी लागते, नाहीतर आकडा फसवतो.

"चिरफाड" हा शब्द दादांच्या डोक्यातून काढा. टीयूआरपीमध्ये, म्हणजे या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, पोटावर एकही टाका नसतो. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात, लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून आतली वाढ खरवडून काढतात. बाहेरचं कवच आत राहतं. म्हणून ऑपरेशननंतरही वर्षा-दोन वर्षांनी पीएसए बघायचा असतो, आणि काढलेले तुकडे तपासणीला पाठवलेत ना हे विचारायचं असतं. ग्रंथी फार मोठी, ८०-१०० ग्रॅमची असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर लेझरनं करतात, होलेप म्हणतात त्याला. ६२ ला दोन्ही चालतं. ज्या सर्जनचा ज्यावर हात बसलाय ते करून घ्या.

वाळवाकर

माझ्या चुलत्यांना हृदयाची गोळी जिभेखाली ठेवायला दिलीय. त्यांना कुणीतरी प्रोस्टेटसाठी टॅडालाफिल ५ सुचवलीय. चालते का?

डॉ_कृष्णाकाठ

नाही. जिभेखालची सॉर्बिट्रेट आणि टॅडालाफिल एकत्र झालं तर बीपी जिवावर बेतेल इतका खाली जातो. आज फोन करून सांगा.

निवृत्त_सिस्टर

मी तीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली. डॉक्टर सांगतात ते बरोबरच असतं, पण घरी गेल्यावर पेशंट घाबरतो तो दुसऱ्याच गोष्टींना. त्या मी सांगते.

ऑपरेशननंतर तीन तोंडांची नळी असते. एका तोंडानं वरून बाटलीतलं पाणी सारखं आत जातं, दुसऱ्यानं बाहेर येतं. पहिल्या दिवशी पिशवी लाल दिसते. घरचे बघून रडतात. ते पाण्यात मिसळलेलं रक्त असतं, थोडं रक्तही खूप दिसतं. काळजी पाणी यायचं थांबलं तर करायची. आत जातंय आणि बाहेर येत नाही, पोट दुखतंय, म्हणजे गुठळी अडकली. लगेच सिस्टरला हाक मारायची, रात्र आहे म्हणून थांबायचं नाही. नळी असताना सारखं लघवीला लागल्यासारखं वाटतं. तो नळीच्या फुग्याचा दाब. जोर करायचा नाही, बाजूनं लघवी येते त्यानं.

दोन-तीन दिवसांनी नळी निघते. पहिली काही लघवी जळते, घाई होते, कधी पायजम्यात होते. ते आठवड्या-दोन आठवड्यांत, काहींना दोन-तीन महिन्यांत बरं होतं. दहा-चौदा दिवसांनी एकदम पुन्हा लाल लघवी होते, तेव्हा निम्मे पेशंट धावत येतात. आतली खपली पडते तेव्हा असं होतं. पाणी भरपूर प्यायचं, आडवं व्हायचं. गुठळ्या यायला लागल्या किंवा लघवी अडली तर मात्र यायचं. थंडी वाजून ताप आला तरी यायचं.

दीड महिना गाडीवर बसायचं नाही, कळशी-पोतं उचलायचं नाही, संडासला जोर करायचा नाही. रात्री कोमट पाण्याबरोबर इसबगोल द्या.

आणि जे नळी घेऊनच घरी आहेत त्यांच्यासाठी : पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. गादीवर शेजारी ठेवली की लघवी उलटी आत जाते. नळी मांडीला चिकटवून ठेवा, ओढ बसायला नको. रोज आंघोळीला साबण-पाण्यानं नळीच्या तोंडाशी पुसा. पिशवीला कापडी खोळ शिवली की माणूस चार लोकांत बसतो. मी वॉर्डात जुन्या साड्यांच्या खोळी शिवून द्यायची. त्या पिशवीपायी लोक महिना महिना घराबाहेर पडत नाहीत हो.

पैशाचं : महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन आपल्या हॉस्पिटलात बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा. ७० च्या पुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांचं. आधार लागतं. ऑपरेशनच्या दिवशी धावपळ नको, आधी काढून ठेवा.

हळदपेठ

सव्वा महिन्यानं लिहितोय. दादांचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी नळी निघाली, चौथ्या दिवशी घरी. तुकड्यांच्या रिपोर्टात कॅन्सर नाही. बाराव्या दिवशी लघवी लाल झाली, आई घाबरली, मी सिस्टरांचं लिहिलेलं वाचून दाखवलं, दोन तांबे पाणी दिलं, संध्याकाळपर्यंत निवळली. सिस्टर, तुमचे उपकार. परवाच्या सोनोग्राफीत शिल्लक ३० मिली. रात्री एकदाच उठतात. वही अजून लिहितात, मी थांबवलं नाही. कालचा शेरा : "पहाटे ४.१५ – ३१० – एका दमात."

सिस्टर, एक विचारायचंय. कार्तिकीला पायी जायचं म्हणतात. जाऊ दे का?

निवृत्त_सिस्टर

कार्तिकीपर्यंत खूप वेळ आहे, जाऊ दे. शिल्लक परत एकदा तपासून घ्या आणि जाताना पाणी पीत राहा म्हणावं. पाणी तोडायची जुनी सवय लवकर जात नाही, तिच्यावर लक्ष ठेवा.

जतचा_सागर

नवीन आहे, चुकलं तर माफ करा. आता रात्रीचे पावणेअकरा. वडील ६९, दुपारी चारपासून लघवी झाली नाही, पोट दुखतंय, सर्दीची गोळी चालू होती. धागा आत्ताच सापडला. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? गरम पाण्याची पिशवी देतोय.

निवृत्त_सिस्टर

थांबायचं नाही. आत्ता निघा, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात. नळी घालायला मोठं हॉस्पिटल लागत नाही. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. आणखी पाणी पाजू नका. गोळीचं पाकीट बरोबर घ्या.

डॉ_कृष्णाकाठ

सागर, पोचलात की किती मिली निघाली ते विचारून लिहून ठेवा. क्रिएटिनिन करायला सांगा. पीएसए आज नको.

जतचा_सागर

पहाटेचे दोन. पोचलो होतो साडेअकराला. ९०० मिली निघाली. झोपलेत आता. डॉक्टर म्हणाले नळी तीन-चार दिवस ठेवू. वडिलांनी आत्ता सांगितलं, दोन वर्षं त्रास होता.

डॉ_कृष्णाकाठ

छान केलंत. नळी काढायच्या आधी दोन-तीन दिवस टॅमसुलोसिन किंवा त्यातलीच एखादी गोळी पोटात गेलेली असावी, म्हणजे काढल्यावर लघवी होण्याची शक्यता वाढते. सकाळी राउंडला तेवढं विचारा. नळी काढल्यावर शिल्लक मोजल्याशिवाय घरी नेऊ नका.